डिप्रेशनची गोळी बदलताना: कोणता त्रास कशामुळे?

डॉक्टर म्हणतात, "ही गोळी आता बंद करू, दुसरी सुरू करू," आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न एकदमच येतात. म्हणजे माझं आता काही खरं नाही का? आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून?

पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच देता येतं. डिप्रेशनची पहिली गोळी पुरेशी लागू पडली नाही, असं इतक्या जणांच्या बाबतीत होतं की त्याला अपवाद म्हणायची सोय नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर 'स्टार-डी' नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाचीच लक्षणं जवळपास पूर्ण गेली. उरलेल्यांपैकी ज्यांनी गोळी बदलली त्यांना बुप्रोपिऑन, सर्ट्रालिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन यांपैकी एक दिली गेली. तिन्ही गटांत चारांतला साधारण एक जण पूर्ण बरा झाला आणि गटागटांत फरक म्हणावा असा नव्हता. या अभ्यासातल्या आकड्यांवर पुढे बरीच भांडणं झाली, ते जरा जास्तच आशादायी मांडले गेले अशी टीकाही झाली. तरी दुसरी गोळी पहिलीपेक्षा वेगळ्या जातीची असली की जास्त चालते, हा समज त्याने ढिला केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर दुसरी गोळी निवडतात ती बहुधा 'जास्त स्ट्राँग' म्हणून नाही. झोप लागत नाही की जास्तच लागते, वजन, लैंगिक तक्रारी, रक्तदाब, आधीपासून चालू असलेली औषधं, आणि जुन्या गोळीवरून नव्या गोळीवर जाणं किती सोपं, या गोष्टींवर ते ठरतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. बदलाच्या त्या काही आठवड्यांत शरीरात तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. जुनं औषध निघून जात असतं, नवं औषध बसत असतं, आणि मूळ आजार आपल्या चालीने चाललेला असतो. तिघांचाही त्रास वरवर पाहता सारखाच दिसतो. या काळातली निम्मी घबराट त्रासाची नसते, 'हे नक्की कशामुळे होतंय' हे न कळण्याची असते. बऱ्याच वेळा ते ओळखता येतं, आणि ओळखायला सगळ्यांत उपयोगी पडते ती तारीख.

बदलण्याआधी एक उजळणी

गोळी बदलायची ठरण्याआधी डॉक्टर काही गोष्टी तपासतात. त्यांनी विचारलं नाही तर आपण विचारावं. डोस पुरेसा होता का? त्या डोसवर चार ते सहा आठवडे झाले होते का? मधले दिवस चुकत होते का? खरं सांगायला इथे लाजू नये. आठवड्यातून दोन-तीनदा राहिलेली गोळी 'लागू न पडलेली' गोळी ठरत नाही. थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२ हेही एकदा बघून घेतात, कारण यांतली कमतरता डिप्रेशनसारखीच दिसते. आणि पूर्वी कधी असे काही दिवस आले होते का, की झोप तीन-चार तास, तरी थकवा नाही, बोलणं आणि बेत सुसाट? हे सांगणं फार गरजेचं आहे. तसं असेल तर आजार बायपोलर (कधी उदासी, कधी भलताच उत्साह असा आलटूनपालटून येणारा) असू शकतो, आणि मग प्रश्न एका गोळीच्या जागी दुसरी घालण्याचा राहत नाही, उपचारच वेगळे लागतात.

जुनं औषध जातं कसं

रक्तातलं औषध निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, यावर बरंच काही अवलंबून असतं. व्हेन्लाफॅक्सिनला सुमारे ५ तास लागतात, शरीरात त्याच्यापासून तयार होणाऱ्या दुसऱ्या सक्रिय रसायनाला सुमारे ११ तास. पॅरोक्झेटिनला साधारण २१ तास, सर्ट्रालिनला २६, एस्सिटालोप्रामला ३० च्या आसपास. फ्लुओक्झेटिन या सगळ्यांपेक्षा निराळं आहे. नियमित घेणाऱ्याच्या शरीरात ते निम्म्यावर यायला ४ ते ६ दिवस जातात, आणि त्यातून तयार होणारं नॉरफ्लुओक्झेटिन त्याहूनही जास्त रेंगाळतं. म्हणून व्हेन्लाफॅक्सिनचा एक डोस चुकला तर संध्याकाळपर्यंत डोकं गरगरू लागतं, आणि फ्लुओक्झेटिन बंद करून आठवडा झाला तरी काहींना पत्ताही लागत नाही.

पण रक्तातून औषध गेलं म्हणजे हिशोब मिटला, असं होत नाही. एसएसआरआय गटातली औषधं (सर्ट्रालिन, पॅरोक्झेटिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्झेटिन ही त्यातलीच) मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं सेरोटोनिन हे रसायन पुन्हा आत ओढणारा 'पंप' अडवतात. महिनोन् महिने तो अडलेला राहिला की मेंदू स्वतःची मांडणी त्याप्रमाणे बदलून घेतो. रस्सीखेचीत समोरच्या बाजूने अचानक दोर सोडला की आपण मागे कोलमडतो. आपल्या ताकदीत खोट नसते, आपण फक्त त्या ओढीला सरावलेले असतो. औषध एकदम सुटल्यावर होणारा त्रास असा आहे. हे व्यसन नव्हे. गोळीची तल्लफ येत नाही, डोस वाढवत जावासा वाटत नाही. शरीराला तिची सवय मात्र झालेली असते, आणि ती सुटताना त्रास होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी काही डॉक्टर तो नाकारत, त्याने रुग्णांचं भलं झालं नाही.

डोस उतरवण्यातली एक गंमत इथेच सांगतो. डोस आणि परिणाम यांचं गणित सरळ रेषेचं नाही. या गटातल्या औषधांच्या नेहमीच्या कमीत कमी डोसलाही मेंदूतले सुमारे ८० टक्के पंप अडलेले असतात. मोठ्या डोसवरून मधल्या डोसवर आलो तर हा आकडा थोडासाच उतरतो, पण लहान डोसवरून शून्यावर आलो की तो धाडकन कोसळतो. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी 'लॅन्सेट सायकियाट्री'त हाच मुद्दा मांडला आणि डोस उतरवताना शेवटचे टप्पे जास्त बारीक ठेवावेत असं सुचवलं. 'अर्धीपर्यंत काहीच वाटलं नाही आणि शेवटची पाव सोडली तेव्हा हाल झाले' असं लोक सांगतात, त्याचा उलगडा यातून होतो.

गोळी पूर्ण बंद करण्यापेक्षा बदलणं काही वेळा सोपं जातं, तेही यामुळेच. सर्ट्रालिन जाऊन एस्सिटालोप्राम आलं तर तोच पंप नवं औषध अडवून ठेवतं. पण सर्ट्रालिनवरून बुप्रोपिऑनवर गेलात तर बुप्रोपिऑन सेरोटोनिनच्या पंपाला हातच लावत नाही. मग नवी गोळी नेमाने घेऊनही जुनी सुटल्याचा त्रास होऊ शकतो. मिर्टाझापिनही तो पंप अडवत नाही. हे आधी माहीत नसेल तर सगळा दोष नव्या गोळीवर जातो आणि ती बिचारी आठवड्याभरात बंद होते.

बदलायच्या पद्धती

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे आज जुनी, उद्या नवी. एकाच गटातल्या काही औषधांत हे चालतं. दुसरी, जुनीचा डोस हळूहळू उतरवत न्यायचा, ती संपली की नवी सुरू करायची. तिसरी आणि बऱ्याचदा वापरली जाणारी पद्धत म्हणजे जुनी उतरवता उतरवता नवी थोड्या डोसने चढवायची. डॉक्टर तिला 'क्रॉस टेपर' म्हणतात. यात औषधाविना जाणारा काळ राहत नाही हा फायदा, पण काही दिवस दोन्ही औषधं पोटात जातात आणि त्यांचे साइड इफेक्ट एकमेकांवर चढतात. वेळापत्रक गुंतागुंतीचं असतं, म्हणून ते तोंडी घेऊ नका. कागदावर तारखेनिशी लिहून मागा: या दिवसापासून जुनी इतकी, नवी इतकी. 'पंधरा दिवसांत हळूहळू कमी करा' ही सूचना घरी पोहोचेपर्यंत चार अर्थांची होते.

चौथी पद्धत मध्ये रिकामा काळ ठेवण्याची, आणि काही जोड्यांत ती टाळताच येत नाही. फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन ही एमएओआय गटातली जुनी औषधं आज क्वचितच दिली जातात, पण ती सुरू करताना किंवा सोडताना दुसऱ्या बहुतेक डिप्रेशनच्या गोळ्यांपासून साधारण १४ दिवसांचं अंतर लागतं. फ्लुओक्झेटिन बंद करून एमएओआय सुरू करायचं असेल तर ५ आठवडे थांबावं लागतं. ते रेंगाळणं इथे नडतं.

फ्लुओक्झेटिनचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते आणि पॅरोक्झेटिन यकृतातल्या एका एन्झाइमचं काम मंदावतात. एमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांसारखी जुन्या पिढीतली औषधं याच एन्झाइमने मोडली जातात, त्यामुळे त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. फ्लुओक्झेटिन बंद झाल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो. तुमच्या डॉक्टरांनी नवी गोळी अगदी कमी डोसने सुरू केली तर ती कंजुषी समजू नका.

कोणता त्रास कशामुळे

आता मूळ प्रश्नाकडे.

जुनी गोळी सुटल्याचा त्रास बहुधा डोस कमी केल्यावर किंवा बंद केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होतो. त्याची काही लक्षणं अशी आहेत की डिप्रेशनमध्ये ती सहसा आढळत नाहीत. डोक्यात क्षणभर करंट बसल्यासारखा झटका, विशेषतः डोळे बाजूला वळवताना. चालताना जमीन हलल्यासारखी वाटणं. मळमळ, घाम, अंगदुखी, सर्दी-तापासारखी कणकण. विचित्र, लख्ख दिसणारी स्वप्नं. कारण नसताना रडू फुटणं किंवा कुणावर तरी खेकसणं. बहुतेकांचं हे एक ते तीन आठवड्यांत ओसरतं. काहींचं महिनोन् महिने चालतं, तेही खोटं नसतं. २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. डिप्रेशनची गोळी बंद केल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांनी त्रास सांगितला, तर औषध नसलेली नकली गोळी बंद करणाऱ्यांतही सुमारे १७ टक्क्यांनी. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला झाला. त्या १७ टक्क्यांवरून 'म्हणजे मनाचे खेळ' असा निष्कर्ष काहीजण काढतात. मला तो घाईचा वाटतो. धास्तीने त्रास वाढतो एवढंच त्यातून कळतं. उरलेला फरक औषधाचाच आहे.

नव्या गोळीचा त्रास ती सुरू केल्यावर किंवा तिचा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत येतो. एसएसआरआय असेल तर मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकेदुखी, थोडी बेचैनी. मिर्टाझापिन असेल तर गुंगी आणि भूक. यातलं बरंचसं एक-दोन आठवड्यांत निवळतं. लैंगिक इच्छा कमी होणं आणि वजन वाढणं मात्र आपोआप जाईलच असं नाही. ते सहन करत न बसता सांगावं.

आणि आजार परत डोकं वर काढतो, तेव्हा तो सहसा हळूहळू येतो, आठवड्यांच्या हिशोबाने. त्याचा तोंडावळा ओळखीचा असतो. पहाटे चारला जाग येणं, आंघोळीचाही कंटाळा, फोन न उचलणं, सगळं माझ्यामुळेच झालं असं वाटत राहणं; ज्याची त्याची खूण वेगळी, पण प्रत्येक वेळी साधारण तीच. डोक्यात झटके आणि गरगर त्यात नसते.

अडचण होते ती मधल्या पट्ट्यात. झोप न लागणं, चिडचिड, छातीत धडधड तिन्हींतही येते. अशा वेळी लक्षणाकडे बघून काही कळत नाही, तारखेकडे बघावं लागतं. समजा, एखादी व्यक्ती पॅरोक्झेटिनवरून मिर्टाझापिनवर जातेय. सोमवारी पॅरोक्झेटिन आणखी उतरवलं आणि बुधवारी तिला प्रचंड अस्वस्थ वाटायला लागलं, सोबत मळमळ आणि गरगर. मिर्टाझापिनचा डोस दहा दिवसांपासून तोच आहे. इथे संशय पॅरोक्झेटिन सुटण्यावर जातो. डॉक्टर अशा वेळी एक पायरी मागे जाऊन जुना डोस पुन्हा देऊ शकतात. त्रास औषध सुटल्याचा असेल तर बहुधा दोन-तीन दिवसांतच उतार पडतो. आजार उलटला असेल तर इतक्या लवकर फरक पडत नाही. म्हणजे तो उपायही झाला आणि पारखही.

म्हणून रोज एक ओळ लिहा, जास्त नको. आज जुनी किती, नवी किती, झोप किती तास, सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट कोणती. मूडचं लांबलचक वर्णन लिहायला गेलात तर तीन दिवसांत कंटाळून सोडाल, आणि डिप्रेशनमध्ये तर नक्कीच. सोबत दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही डिप्रेशन किती आहे ते मोजणारी प्रश्नावली भरता येते. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. गुण निम्म्यावर आले तर औषधाला प्रतिसाद आहे असं मानतात, ५ च्या खाली गेले तर आजार जवळजवळ उतरला असं. 'काहीच फरक नाही' असं मनाला वाटत असताना १९ चे १३ झालेले दिसतात, असं घडतं. डिप्रेशन आपल्या स्वतःच्या प्रगतीविषयीही वाईटच बातमी देतं.

केव्हा थांबायचं नाही

काही गोष्टी डायरीत लिहून पुढच्या तारखेची वाट बघण्याच्या नाहीत. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर सेरोटोनिन सिंड्रोम होतो. क्वचितच, पण होतो. डोस बदलल्यावर किंवा नवं औषध त्यात पडल्यावर तो काही तासांत, बहुधा २४ तासांच्या आत दिसतो: हातापायांची थरथर, स्नायूंना आपोआप बसणारे हिसके, भरपूर घाम, जुलाब, ताप, भलतीच तगमग किंवा भ्रम. थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जायचं आणि दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्यायच्या. हा धोका वाढवणाऱ्या गोष्टी अनेकदा डिप्रेशनच्या औषधांत मोडत नाहीत. वेदनाशामक ट्रॅमाडॉल, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतीचं औषध. बदलाच्या काळात दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी आपल्या गोळ्यांची नावं सांगा.

दुसरी गोष्ट, एका जागी बसवतच नाही, पाय थांबत नाहीत, आतून सोलवटल्यासारखं वाटतं, अशी बेचैनी. तिला अकथिसिया म्हणतात. ती सहन करून निघून जाईल असं धरून चालू नये, त्याच दिवशी फोन करावा. झोपेशिवायही उत्साह ओसंडून वाहू लागला तर तेही त्याच दिवशी कळवावं, बरं वाटतंय म्हणून गप्प राहू नये.

आणि मरणाचे विचार. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये लहान व किशोरवयीन मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, की सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना असे विचार वाढू शकतात. गोळी बदलताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत असतात. वय कितीही असो, घरातल्या एका तरी माणसाला बदलाची तारीख माहीत असावी. त्या माणसाने रोज सल्ले द्यायचे नाहीत, सोबत राहायचं आणि वागण्यात फरक दिसला तर डॉक्टरांना फोन लावायचा. तसे विचार मनात आले तर ते आवडणारे नसले, 'करणार तर नाहीच' असं वाटत असलं, तरी लगेच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना किंवा आपत्कालीन विभागाला गाठा.

बारीकसारीक, पण उपयोगी

एकच औषध अनेक ब्रँड नावांनी मिळतं. जुनी स्ट्रिप आणि नवी स्ट्रिप यांवर औषधाचं मूळ नाव वाचा. दोन वेगळ्या नावांखाली एकच औषध दुप्पट घेतलं जाण्याचे प्रकार घडतात. 'एक्सआर', 'एसआर' लिहिलेल्या गोळ्या औषध हळूहळू सोडायला बनवलेल्या असतात. त्या चुरू नका, आणि डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय तोडूही नका. डोस बारीक करायचा असेल तर कमी ताकदीची गोळी किंवा सिरप आहे का विचारा. उरलेल्या जुन्या गोळ्या हाताशी ठेवू नका, पण बदल पूर्ण होईपर्यंत फेकूही नका, कारण एक पायरी मागे जावं लागलं तर त्या लागतील. त्या घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

दारू या काळात टाळा. गरगरत असेल त्या दिवसांत गाडी चालवू नका. नोकरी बदलणं, घर बदलणं, मोठा प्रवास हे पुढे ढकलता येत असेल तर ढकला; गोळी बदलण्याची तारीखही पुढे-मागे करता येते, हे डॉक्टरांना विचारायचं बऱ्याच जणांना सुचत नाही. वयस्कर माणसांत सुरुवातीला मरगळ, गोंधळ, तोल जाणं दिसलं तर रक्तातलं सोडियम तपासून घ्यावं, कारण ही औषधं ते उतरवू शकतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर गोळी मनाने बंद करू नका, आधी बोला.

नव्या गोळीला वेळ द्यावा लागतो. दोन आठवड्यांत थोडी तरी हालचाल दिसली तर ते चांगलं चिन्ह आहे. पुरेशा डोसवर चार आठवडे होऊनही तसूभर फरक नसेल तर तसंच रेटत राहण्याऐवजी पुन्हा भेटावं. तेव्हा आणखी एक गोळी बदलणं हाच मार्ग असतो असं नाही. आहे त्या गोळीला लिथियम किंवा आरिपिप्राझोलसारख्या औषधाची जोड देता येते, समुपदेशन सुरू नसेल तर ते सुरू करता येतं, आजार फार तीव्र असेल तर ईसीटीचा, म्हणजे भूल देऊन मेंदूला थोडा वेळ वीज देण्याच्या उपचाराचा, विचार होतो. आणि नवी गोळी लागू पडली तर ती पुढे किमान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. ते सहा महिने गोळी बदलल्या दिवसापासून मोजायचे नसतात, पूर्ण बरं वाटायला लागलं तिथपासून मोजायचे.